कालच्यासाठी मागणारे फिलिपभाऊ

परवा माझी नात गणिताचा पेपर देऊन घरी आली, चपला भिरकावल्या आणि थेट देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभी राहिली. तिची आई म्हणाली, "अगं, पेपर देऊन आलीस ना? आता हात जोडून काय उपयोग? जायच्या आधी जोडायचे होते." नात हिरमुसली. मी मात्र सुपारी कातरता कातरता इतकी हसले की अडकित्ता हातातून सुटून खाली पडला.

"जोड बाई, जोड," मी म्हणाले. "अजून काही वेळ गेलेली नाही."

सून माझ्याकडे बघत राहिली. म्हातारी आता कामातून गेली, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण पेपर लिहून झाल्यावर जोडलेल्या हातांबद्दल या घरात माझ्याइतकं कोणाला कळत नाही. मला ते फिलिपभाऊंनी शिकवलं.

सिंदेवाहीपासून बैलगाडीने दोनेक तासांवर आमचं गाव. गावाला मोठा तलाव, तलावाला मातीच्या बांधाची उंच पाळ, आणि पाळीच्या पलीकडे मोहाच्या झाडांत कवेलूंच्या छपराचं छोटंसं मिशन. तिथे दूरदेशाहून आलेले एक दाढीवाले फादर, दवाखाना आणि शाळा चालवणाऱ्या दोन सिस्टर, आणि या तिघांना उपाशी ठेवण्याच्या कामावर नेमलेले फिलिपभाऊ. म्हणजे नेमलं होतं स्वयंपाकी म्हणून. घंटा वाजवणं, देऊळ झाडणं, ख्रिस्ती घरांतल्या पोरांना प्रार्थना शिकवणं, हेही तेच करायचे. गावात ख्रिस्ती घरं असतील पाच-सहा. आम्ही ढिवर, मासे धरून तलावावर जगणारे. पण शुक्रवारी मिशनात मटण चालत नसे आणि मासे चालत, त्यामुळे दर शुक्रवारी माझी आई टोपली भरून माझ्या डोक्यावर द्यायची आणि मी ती घेऊन मिशनच्या स्वयंपाकघरात हजर व्हायची.

ठेंगणा बांधा, सुपासारखे कान, आणि अंगात फादरांचा जुना पांढरा झगा, गुडघ्यापाशी कापून केलेला. त्या झग्याला गळ्यापासून खालपर्यंत गुंड्याच गुंड्या. फिलिपभाऊ कायम घाईत असल्यामुळे पहिली गुंडी दुसऱ्या काजात जायची आणि मग सगळीच रांग एकेक घर चुकत खाली यायची. शेवटी एक गुंडी बिनघराची उरायची. सिस्टर रोज सांगायच्या. भाऊ रोज म्हणायचे, "उद्या नीट लावतो."

उशीर हा त्यांचा पिंड होता. बारशाला बोलवावं तर मूल रांगायला लागल्यावर यायचे. दुपारची घंटा बाराला वाजायची असे, ती कधी साडेबाराला, कधी एकला. आमच्या गावात घड्याळ मिशनचंच, त्यामुळे सगळ्या गावाची दुपार फिलिपभाऊंच्या लहरीवर यायची. शेतात बायका म्हणायच्या, "सूर्य त माथ्यावरून उतरला अन् भाऊची दुपार काई व्हायची नाई अजून."

फादर पुस्तकातून मराठी शिकलेले. दाराशी उभे राहून ते विचारायचे, "फिलिप, माझे भोजन कुठे आहे?"

"होऊन राह्यलं, फादर."

"कधी होईल?"

"फादर, तुमीच शिकवलं ना मले? देवाले काल नाई, उद्या नाई. सगळं त्याच्या डोळ्यापुढं आताच हाये. म्हंजे देवाच्या नजरेत तुमचं जेवण झालेलं हाये."

फादर पोटावर हात ठेवून म्हणायचे, "परंतु मी देव नाही, फिलिप."

एकदा मी माशांऐवजी खेकडे नेले. भाऊंना प्रश्न पडला, खेकडा मासा की मांस? शुक्रवार होता. फादरांना विचारलं. फादर दाढी धरून विचार करत बसले. त्यांचा विचार संपेपर्यंत दोन खेकडे टोपलीतून उतरून तलावाच्या दिशेनं निघूनही गेले होते. "पाहा," भाऊ म्हणाले, "त्याहिनं सोताच फैसला केला."

मी तेव्हा बारा वर्षांची, सिस्टरांच्या शाळेत चौथीत. जगात मला कळत नाही असं काही नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत माझ्या दोन वेण्यांसारखीच ताठ होती. एक दिवस मासे साफ करता करता मी भाऊंना पकडलं.

"भाऊ, तुमचा देव कधीपासून हाये?"

"कधीपासून असं नाई त्याचं."

"म्हंजे लय लय वर्षांपासून?"

"नाई वं. वर्षच नाई त्याले. सुरुवात बी नाई अन् शेवट बी नाई."

"मग त्याले कंटाळा येत नसन का?"

भाऊंनी मरळीचं डोकं पाटावर ठेवलं आणि खरोखर विचार केला. फिलिपभाऊंची ही गोष्ट मला फार आवडायची. बारा वर्षांच्या आगाऊ पोरीच्या प्रश्नालाही ते मिशनला आलेल्या पाहुण्यासारखं बसवून घ्यायचे.

"कंटाळा यायले वाट पाहा लागते," ते म्हणाले. "तू मोटारीची वाट पाहते, म्हून कंटाळते. त्याले कशाची वाटच पाहा लागत नाई."

मग त्यांनी मला दाराशी नेलं आणि पाळीकडे बोट दाखवलं. "तुहा बाप डोंग्यात बसून जाळं टाकते, तवा त्याले काय दिसते? डोंग्याच्या आजूबाजूचं तेवढंच. मागचं गेलं, पुढचं आलं नाई. अन् तू पाळीवर उभी राहते तवा?"

"सगळा तलाव दिसते."

"आपण सगळे डोंग्यात. थो पाळीवर. आपलं काल बी त्याच्यासमोर, आपलं उद्या बी त्याच्यासमोर. म्हून म्हणतो, देवाले उशीर होत नाई."

हे शेवटचं वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणायचे. भात करपला तरी म्हणायचे. त्यांचा लाडका दाखला होता ख्रिस्ताच्या एका मित्राचा. तो मित्र आजारी पडला, निरोप गेला, आणि ख्रिस्त पोचला तो मित्राला पुरून चार दिवस झाल्यावर. "चार दिवस! आपली छोट्या लाइनीची गाडी बी इतकी लेट नसते," भाऊ मोठ्या अभिमानाने सांगायचे. "मग काय, थडग्यातून हाक मारून उठवला त्याले." फादर एकदा मधे बोलले, "फिलिप, ख्रिस्ताला उशीर झाला नव्हता. तो त्याच्या वेळी आला." भाऊ हात पसरून म्हणाले, "थेच त मी म्हणून राह्यलो!"

आता या सगळ्यातून फिलिपभाऊंनी जो धंदा काढला, तो जगात दुसऱ्या कोणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ते झालेल्या गोष्टीसाठी प्रार्थना करायचे. कालच्यासाठी, परवासाठी. आज मागितलेलं देवाला काल ऐकू येतं, कारण त्याच्यापुढे काल आणि आज एकाच तलावाचे दोन काठ. नियम मात्र कडक होता. जे घडल्याचं आपल्याला कळलं, ते बदला म्हणून मागायचं नाही. जे घडून गेलंय पण आपल्याला अजून कळलं नाही, त्यासाठी मागायचं.

माझ्या बाबांना पहिल्यांदा हा नियम नीट उमगला नाही. ते म्हणाले, "भाऊ, कालच्या जाळ्यात मरळ यावी म्हून मागा."

"जाळं पाहिलं का?"

"पाहिलं. रिकामं."

"मग उशीर झाला."

"तुमच्या देवाले उशीर होत नाई म्हणता ना?"

"देवाले नाई झाला, बाप्पा. तुमाले झाला. पाहायच्या आधी यायचं."

त्यानंतर बाबा सकाळी जाळं ओढायच्या आधी मला पिटाळू लागले. "शेवंते, पळ! फिलिपभाऊले सांग, जाळं काल टाकलं, अजून पाहिलं नाई!" मी पाळीवरून धावत जायची, भाऊ चुलीपाशी डोळे मिटायचे, मी धावत परत यायची, मग जाळं निघायचं. कधी मासे निघायचे, कधी नाही. नाही निघाले की बाबा मलाच बोल लावायचे, मी हळू धावले म्हणून.

हळूहळू सगळं गाव शिकलं. कुणाचं पत्र आलं की वाचणारा म्हणजे फक्त मास्तर. पण बायका पत्र आधी फिलिपभाऊंकडे न्यायला लागल्या, बंद. पदरात धरलेलं. "भाऊ, माहेरचं हाये. अजून वाचलं नाई." भाऊ हात पुसायचे, पत्राकडे बघून दोन मिनिटं ओठ हलवायचे, मग म्हणायचे, "जाय आता मास्तरापाशी." पोस्टमन हैराण. मास्तर हैराण. फादरांच्या कानावर गेलं तेव्हा ते लालबुंद झाले. "फिलिप, तू माझ्या धर्माची जत्रा केली आहेस!"

आठवड्याभरात फादरांना त्यांच्या देशातून पत्र आलं. त्यांचा धाकटा भाऊ आजारी होता, हे सगळ्या मिशनला माहीत होतं. मी माशांची टोपली घेऊन दारात उभी होते, म्हणून मला दिसलं. एवढे उंच फादर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाकून उभे, हातात निळा लिफाफा.

"फिलिप," ते हळूच म्हणाले, "मी अजून उघडले नाही."

भाऊंनी चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं. हात दोनदा धुतले.

(तो धाकटा भाऊ बरा झाला होता. फादरांनी त्या दिवशी दुपारी तीनला जेवण मिळाल्यावरही तक्रार केली नाही.)

आता माझ्या पराक्रमाकडे येते. इतकी सोयीची विद्या गावात असताना अभ्यास करणारी पोरगी मूर्ख, असा मी हिशेब केला. चौथीच्या परीक्षेच्या आधी महिनाभर मी पाळीवर बोरं खात बसले. गणिताच्या पेपरात एका बापाचं वय काढायचं होतं. माझ्या उत्तरात बाप मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेपर देऊन मी थेट स्वयंपाकघरात.

"भाऊ, मागा. माहा बाप लहान झाला."

सगळं ऐकून भाऊ म्हणाले, "लिहलेलं नाई बदलत, शेवंते. झालेलं पुसायले देव काई पाटी अन् फडकं घेऊन नाई बसला. पण पेपर तपासणाऱ्या मास्तराचं आपल्याले ठाव नाई. त्याचं डोकं दुखत असन, झोप झाली नसन. त्याच्यासाठी मागतो."

मी नापास झाले. रडत, पाय आपटत गेले. भाऊ शांतपणे कांदा चिरत होते. "म्हंजे त्याचं डोकं बरं झालं बिचाऱ्याचं," ते म्हणाले. "म्हून त त्याले बापाचं वय दिसलं."

नापास झालेल्या माणसाला रिकामा वेळ फार. त्या रिकाम्या वेळात माझ्या लक्षात आलं की हा माणूस दिवसभरात एकच गोष्ट वेळेवर करतो. दिवे लागायच्या वेळची घंटा. ती एक क्षण मागे नाही की पुढे नाही. पाखरं झाडांवर बसली, पहिल्या घरात दिवा लागायचा झाला, की घंटा. त्यानंतर स्वयंपाकघराचं दार आतून बंद. रोज रात्रीची भाजी करपायची ती तेव्हाच. हे काय गौडबंगाल, म्हणून मी एका संध्याकाळी मागच्या खिडकीखाली जाऊन बसले. लांडग्यासारखी लपले, असं मला वाटलं. प्रत्यक्षात माझ्या दोन्ही वेण्या खिडकीत दिसत होत्या.

भाऊ जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. गुंड्या त्यांच्या नेहमीच्या चुकीच्या घरात. चुलीवर वांगं धुमसत होतं. ते म्हणत होते, "आज बी थेच मागतो. त्या दिवशी माह्या मायपाशी कोणीतरी असू दे. कोणी बी. पण एकटी नको."

आणि मग, डोळे न उघडता, "शेवंते, आत ये. डास चावतीन."

त्यांनी मला सांगितलं ते असं. त्यांची आई विधवा, नागपूरच्या वाटेवर छोट्या लाइनीवरच्या एका गावात एकटी राहायची, विड्या वळायची. नऊ वर्षांपूर्वी ती आजारी पडल्याचा निरोप आला. भाऊ लगेच निघाले. आयुष्यात पहिल्यांदा लगेच. नागभीडला गाडी बदलायची होती. आणि त्या दिवशी नागभीडजवळ शंकरपट होता. बैलजोड्यांची शर्यत. लोक ओरडत होते, धूळ उडत होती.

"मले वाटलं, एकच जोडी पाहतो," भाऊ म्हणाले. "पांढरी जोडी होती वं, शेवंते. वाऱ्यासारखी. गाडी सुटली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोचले. आई आदल्या संध्याकाळीच गेली होती. शेजारीपाजारी सगळे गाड्या जुंपून त्याच पटाला गेलेले, उशिरा परतलेले. तिच्या घरात दिवा लागलेला नव्हता, म्हणजे दिवे लागायच्या आधी गेली असणार. तिच्याजवळ कोणी होतं का, कोणालाच माहीत नाही.

"म्हून मागतो. मले कळलं नाई अजून. म्हंजे मागता येते."

मी घरी गेले ती ठरवूनच. या माणसाचं दुःख आपण मिटवायचं. पुढच्या शुक्रवारी मासे ठेवता ठेवता मी सांगून टाकलं, माझी मावशी त्या दिवशी त्या गावात होती, तीच तुमच्या आईपाशी बसली होती, तिनंच पाणी पाजलं. मी डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. त्यासाठी वाटेत कांदा हुंगला होता.

भाऊंचे हात थांबले. "माय काय बोलली?"

मला वाटलं, आता षटकार. "म्हणाली, माह्या फिलिपले सांगजा, मी देवाच्या पायाशी सुखात हाये."

भाऊ आधी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे ते सुपासारखे कान लाल झाले आणि ते हसायलाच लागले. "माह्या मायनं मले जन्मात फिलिप नाई म्हटलं. भुऱ्या म्हणे. अन् देवाच्या पायाशी! थे विड्याचं पान मागत असन." हसता हसता त्यांनी पदरासारखा झगा डोळ्यांना लावला. मग गंभीर होऊन म्हणाले, "खोटा साक्षीदार आणू नको, शेवंते. देवापाशी वेळ कमी नाई पडत, म्हून त्याले घाई नाई. तू काऊन घाई करून राह्यली?"

मी शरमेनं पाणी पाणी झाले, पण फार वेळ नाही. खोटा चालत नाही तर खरा आणू, असं ठरवलं. तेव्हापासून छोट्या लाइनीकडून जो कोणी गावात येईल त्याला मी धरायची. मीठवाला, कल्हईवाला, डोळ्यांचं औषध विकणारा, एक अस्वलवालासुद्धा. "नऊ वर्षांपूर्वी शंकरपटाच्या दिवशी तुमी कुठी होता?" लोकांना वाटायचं मी पोलीस पाटलाची मुलगी आहे. वर्ष सरत आलं. नवाचं दहा व्हायला आलं.

संक्रांतीच्या आधी कासारीण आली. दरवर्षी यायची, डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडात पान. माझा हात हातात घेऊन पंजा दाबत ती हिरव्या बांगड्या चढवत होती आणि मी दात आवळून माझा ठरलेला प्रश्न विचारला. उगाच, सवयीनं.

तिचे हात थांबले.

"तुले कोणं सांगितलं?" ती म्हणाली.

अर्ध्या भरलेल्या हातानं मी तिला ओढत पाळीवरून मिशनात नेलं. वाटेत दोन बांगड्या फुटल्या. भाऊ दुपारची घंटा वाजवायला निघाले होते, अर्थातच उशिरा. मी धापा टाकत म्हणाले, "भाऊ, खरी आणली!"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. तोच प्रश्न विचारला. "माय काय बोलली?"

कासारणीनं पाटी उतरवली. "त्या दिवशी मी त्या गावात गेली त गावात कुत्रं बी नाई. सगळे पटाले. एका घरात म्हातारी पडून, सुपात विडीपत्ता. म्हटलं, आजी, बांगड्या भरते का? म्हणे, मी रांडमुंड, मी काय भरू? पण तू दिवसभर इतक्या बायकाचे हात धरते, माहा बी थोडा वेळ धर. म्हून बसली मी हात धरून."

भाऊ एक पाऊल पुढे सरकले.

"म्हणे, माहा भुऱ्या निंगाला असन घरून. पण आज नागभीडले पट हाये. जोडी पाह्यल्याबिगर थो काई पुढं सरकत नाई. बापाच्या मयतीतून बी पटाले पळाला होता कारटा." कासारीण हसली. "मी म्हटलं, शिव्या दे त्याले. त म्हणे, पाहू दे. जोडी चांगली असली म्हंजे झालं. मग थोड्या वेळानं गेली. मी डोळे मिटवले, अंगावर पदर टाकला. गाडीची शिट्टी झाली, सांगायले कोणी नव्हतं, म्हून निंगाली."

फिलिपभाऊ तिथंच मातीत बसले. गुडघ्यांवर हात मारले. आणि आभाळाकडे तोंड करून, सगळ्या मिशनला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "चांगली होती, माय! लय चांगली होती! पांढरी!"

सिस्टर दवाखान्यातून धावत आल्या. फादर एका हातात चमचा घेऊन आले. भाऊ हसत होते, रडत होते, कासारणीच्या पाया पडत होते, ती "अरे बावा, काय करून राह्यला" म्हणत मागे सरकत होती. मी तर नाचत होते. खरंच नाचत होते, फुटक्या बांगड्यांच्या हातानं. त्या दिवशी दुपारची घंटा वाजलीच नाही. सगळं गाव दिवसभर सकाळीच राहिलं.

संध्याकाळी मी पुन्हा खिडकीशी गेले. आता भाऊ चुलीपाशी बसून शांतपणे भाजी ढवळत असतील, बिनकरपलेली, असं मला बघायचं होतं. दिवे लागायची घंटा झाली. बरोबर वेळेला. आणि भाऊ गुडघे टेकून बसले.

"त्या दिवशी माह्या मायपाशी कोणीतरी असू दे."

मी खिडकीतून आत डोकंच घातलं. "भाऊ! कळलं ना आता? तुमचाच नियम! कळलं की मामला खतम!"

भाऊंनी डोळे उघडले. चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की जणू त्यांनीच ती जोडी हाकली होती.

"अवं वेडे," ते म्हणाले, "बदलायचं असन त खतम. हे कुठी बदलायचं हाये? थे कासारीण त्या दिवशी तिथं गेली, कोणाच्या मागण्यानं गेली? माह्या आजच्या मागण्यानं बी गेली असन. उद्याच्या बी. मी आता थांबलो, त तवा कोण जाईन तिच्यापाशी?"

वांगं करपल्याचा वास आला. भाऊ म्हणाले, "वांगं उतरव थोडं," आणि डोळे मिटले. मी खिडकीतून उडी मारून आत गेले आणि वांगं उतरवलं.

मी त्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसले. अभ्यास केला, मग पेपर दिला, मग भाऊंकडे गेले. पास झाले. कोणत्या गोष्टीनं, ते मला अजून सांगता येत नाही, आणि नातीनं विचारलं तर मी तिला तिन्ही करायला सांगते.

त्यानंतर दोन वर्षांनी सिरोंच्याकडे नवीन मिशन निघालं आणि फिलिपभाऊंची तिकडे रवानगी झाली. भाऊ निघताना फादर त्यांना मिठी मारून म्हणाले, "आता माझे भोजन वेळेवर होईल," आणि लहान मुलासारखे रडले. मोटार तलावाखालच्या सडकेवरून जायची. मी निरोप द्यायला पाळीवर उभी राहिले. ऊन उतरत आलं होतं. मोटार आली, धूळ उडवत, माणसांनी खच्चून भरलेली, टपावर कोंबड्यांची खुराडी. खिडकीतून भाऊंचा हात हलताना दिसला. मीही हात हलवला. मोटार पाळीच्या टोकापर्यंत गेली.

आणि थांबली.

भाऊ खाली उतरले. सडकेच्या कडेला, धुळीत, गुडघे टेकले. पाखरं नुकतीच झाडांवर बसत होती. आमच्या गावात पहिल्या घरात दिवा लागला.

मोटारीत आरडाओरडा सुरू झाला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "ओ भाऊ! किती टाईम लागते?" भाऊंनी मागे न बघता एक हात वर केला, थांबा म्हणून. कोणीतरी शिव्या दिल्या, कोणीतरी हसलं. मग एकेक करून माणसं उतरली. दोघांनी विड्या पेटवल्या. एक बाई लेकराला घेऊन झाडाखाली बसली. अख्खी मोटार सडकेवर पसरून उभी राहिली.

मी चौदा-पंधरा वर्षांची, लग्नाच्या वयाची घोडी. मोठ्यानं ओरडू नये एवढं कळायचं वय होतं ते. पण मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पाळीवरून जीव खाऊन ओरडले, "मागा, भाऊ! सावकाश मागा!"